पावण्याला पावती नसते

८ फेब्रुवारी २००४

कंपनीनं डायरी फुकट दिली आहे. पगार वाढवायचा नसला की कंपनी डायरी देते. असो. हिच्यात लिहायची सुरुवात शिव्यांनीच करणार आहे, कारण आजचाही रविवार घर शोधण्यात मेला.

श्रुतीला कोल्हापुरात दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आणि मला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत स्टोअर क्लार्कची. सासरेबुवांना वाटलं, जावई हॉटेलात लागला. कबनूरला असताना यंत्रमागांच्या खडखडाटात कान फुटायचे, पण दोन खोल्यांचं भाडं देऊन महिनाअखेर मटण तरी व्हायचं. इथं त्या भाड्यात नुसती न्हाणी मिळेल, तीही सामायिक. श्रुतीला रात्रपाळी असते, त्यामुळं शहराबाहेर राहून चालत नाही. शहरात राहायचं तर माझा निम्मा पगार घरमालकाच्या घशात.

आज तीन ठिकाणी गेलो. एक खोली म्हणजे जिन्याखालचा कोनाडा होता. भाडं सांगताना तो माणूस जरासुद्धा लाजला नाही. दुसरीकडं विचारलं, पाणी किती लागतं? म्हटलं, माणसाला लागतं तेवढं. तिथंच बिनसलं. तिसरीकडं मात्र सगळं जमलं होतं, चहासुद्धा झाला. मग त्या गृहस्थांनी वडिलांचं नाव, गाव, गावात घर कुठल्या अंगाला असं विचारत विचारत नेलं आणि त्यांना आठवलं की खोली मेव्हण्याला द्यायची आहे.

परत येताना श्रुती म्हणाली, "मेव्हणा चहा संपल्यावर उगवला." मी म्हटलं, शहरात जागेला मागणीच तेवढी आहे. 

१६ फेब्रुवारी

मिळाली. मंगळवार पेठेत, माडीवर दोन खोल्या. मिरजकर तिकटीला कंपनीची बस येते आणि श्रुतीचा दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर. भाडं ऐकून डोळे पांढरे झाले, पण आता डोळे पांढरे व्हायचीही सवय झाली आहे.

मालकीण शालूबाई. विधवा, साठीची, आवाज असा की गल्लीच्या तोंडाला उभा असलेला माणूस दचकावा. तिचा मुलगा अमरसिंह मोटारसायकलींच्या दुकानात आहे.

"नाव काय म्हणालासा?"

"प्रसेनजीत माने."

"जीत? आमच्या हितं समरजीत, इंद्रजीत असत्यात, तसलं! घराणं मोठं दिसतंय की वो. गाव?"

"वडगाव. पेठ वडगाव."

बाई उठून उभीच राहिली. "अगं बया! माझं म्हायेर तिथनं हाकंच्या अंतरावर. मी मान्यांचीच. म्हंजे तू माझा भाचा लागतोस की! आता अरं-तुरं करणार बघ, राग मानायचा न्हाय."

मी कशाला राग मानू? म्हटलं, माना भाचा, पण डिपॉझिट कमी करा. केलं की हो तिनं! मग अटी सांगितल्या. भिंतीला खिळा मारायचा नाही. पाणी सकाळी आठपर्यंत भरून घ्यायचं. आणि पावती मागायची नाही.

"घरफाळावाला आला तर माझ्या भावाचा ल्योक म्हणून सांगायचं. भाडेकरू म्हनलं की महापालिका घरफाळा वाढवून माझा जीव घेती. आनि पावण्याकडनं कोन पावती फाडतंय व्हय?"

जिना चढताना श्रुतीनं विचारलं, "तुम्ही तिला सांगितलं का नाही?" मी म्हटलं, काय सांगायचं? माने आहोत की नाही? वडगावचे आहोत की नाही? एक अक्षर खोटं बोललो असेन तर दाखव.

२९ फेब्रुवारी

सामान लागलं. ट्रंकेतून श्रुतीनं बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर काढली आणि खिळा कुठं मारू म्हणून विचारलं. मी म्हटलं, आल्या आल्या बाईची अट मोडायची का? राहू दे ट्रंकेत. तिनं तसबिरी फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि त्यानंतर दिवसभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. घर मिळवायला मी वणवण फिरायचं आणि रुसायचं हिनं!

शालूबाईंनी माडीवर खर्डा पाठवला. असला खर्डा मी आईच्या हातचाही खाल्ला नाही.

२२ मार्च

ऑफिसात बाळासो नावाचा क्लार्क आहे, पगाराची कामं बघतो. आज म्हणाला, "पावणं, एप्रिलपासनं घरभाडं भत्ता पाहिजे तर भाड्याची पावती जोडा. पावती न्हाय तर भत्ता न्हाय."

भत्ता नसेल तर आम्ही इथं राहू शकत नाही. भाडं, बसभाडं, किराणा, घरी वडिलांना पाठवायचे, सगळं वजा जाता हातात उरतं ते मोजायला बोटंही लागत नाहीत. मग श्रुतीनं नोकरी सोडायची आणि परत कबनूर. म्हणजे तिनं तीन वर्षं शिकून मिळवलेली नोकरी एका चिठोऱ्यासाठी जाणार.

संध्याकाळी शालूबाईंपुढं विषय काढला. "आत्ती," म्हटलं. आता मी आत्तीच म्हणतो, तोंडात बसलंय. "आत्ती, ऑफिसला पावती लागते."

"बोललो हुतो न्हवं आपन? कागुद झाला की माझ्या गळ्याला फास. बस, भाकरी खा."

भाकरी खाल्ली. सोबत वांग्याचं भरीत होतं. वर आल्यावर स्वतःचाच संताप आला की भांडायला गेलो आणि जेवून आलो.

१४ एप्रिल

सुट्टी. श्रुती पांढरी साडी नेसून बिंदू चौकात अभिवादनाला निघाली. मीही निघालो, पण जिन्यावरून तिला पुढं जायला सांगितलं, कारण सायकलचं पंक्चर काढायचं होतं. पंक्चर काढून मी गल्लीच्या मागच्या बाजूनं गेलो, तिकडून जवळ पडतं. चौकात आम्ही भेटलो. गर्दी अफाट. मनापासून हात जोडले.

श्रुतीनं विचारलं, "पंक्चर निघालं?"

"निघालं."

"कुठल्या चाकाचं होतं?"

हिला सगळ्यात खुसपट काढायची सवयच लागली आहे.

२८ एप्रिल

आज हसावं की डोकं फोडून घ्यावं कळेना. गल्लीत घरफाळ्याची पाहणी होती. बातमी पुढं, माणूस मागं. तो गल्लीत शिरेपर्यंत गल्लीतले सगळे भाडेकरू नाहीसे झाले आणि जिकडंतिकडं पाहुणेच पाहुणे. समोरच्या माडीवरचा केरळचा टायरवाला तर मालकाचा साडू झाला. त्याला मराठीत साडू म्हणजे काय तेही माहीत नव्हतं.

आमच्याकडं पाहणीवाला आला तेव्हा शालूबाईंनी मला हाताला धरून पुढं केलं. "ह्यो माझ्या भावाचा ल्योक. नोकरीला आलाय, चार दिस ऱ्हाईल आनि जाईल."

त्यानं मला विचारलं, "या तुमच्या कोण?"

"आत्ती," मी म्हणालो. एकदम खणखणीत.

त्यानं काहीतरी लिहिलं आणि गेला. आत्तीनं खूश होऊन तांबडा-पांढरा रस्सा केला. मी दोन वाट्या जास्त प्यालो. श्रुती रात्रपाळीचं निमित्त सांगून जेवायला आली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "बरं जमतंय की तुम्हाला."

काय जमतंय? बाईचा कर वाचवला, तर ती कधीतरी पाघळून पावती देईल, हा माझा हिशेब आहे. एवढं साधं हिला कळत नाही.

१६ मे

शालूबाईंचे सख्खे भाऊ जोतीराम माने लग्नाच्या पत्रिका वाटायला आले होते. आत्तीनं मला हाक मारून खाली बोलावलं. "आण्णा, ह्यो बघ आपल्याकडचा मान्याचा."

म्हातारा पायजमा-टोपीतला, मिशा पांढऱ्या. माझ्याकडं निरखून बघितलं. "कुनाचा रं तू?"

"गणपती मास्तरांचा."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "मास्तरांचा? आरं, मी चौथीत हुतो त्यांच्याकडं! छडीनं हात सुजवायचं, पर अक्षर लावलं त्यांनीच. बरं हायती का?"

म्हटलं, बरे आहेत, गुडघे दुखतात. "माझा नमस्कार सांग," असं म्हणून त्यांनी खरंच हात जोडले. मला वडिलांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. चहा आला. म्हातारबाबा माझ्या कपाकडं बघत राहिले, मग बहिणीकडं बघितलं, मग म्हणाले, "शालू, जरा आत ये." आत बराच वेळ दोघांचं बोलणं चाललं होतं. लग्नघर म्हणजे देण्याघेण्याच्या भानगडी असतातच. मी चहा पिऊन वर आलो. पत्रिका द्यायची मात्र विसरले.

श्रुतीला सगळं सांगितलं. ती कपडे वाळत घालता घालता थांबली. "मास्तरांचा म्हणून सांगितलंत?"

"मग काय कलेक्टरचा सांगू?"

२१ मे

शालूबाईंचं बिनसलंय. कारण मला माहीत आहे. परवा मी पावतीचा विषय पुन्हा काढला होता, त्याचा राग. खर्डा बंद, हाक मारणं बंद. आधी 'ए भाच्या' म्हणायची, आता 'पावणं' म्हणते. "पावणं, पानी भरून झालं का?" असं, अनोळखी माणसाला म्हणतात तसं. आमची बादली नळाखाली होती तर तिनं नळ सोडायच्या आधी बादली पायानं बाजूला सारली.

एका पावतीवरून इतकं? माणसं पैशापुढं नाती विसरतात, हेच खरं.

हे श्रुतीला बोललो तर ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जशी एखाद्या पेशंटकडं बघत असेल. मग शेजारून हातोडी मागून आणली आणि माझ्यादेखत भिंतीत दोन खिळे ठोकले. गल्लीभर आवाज गेला असेल. तसबिरी लावल्या. मी म्हटलं, अगं, ती आधीच चिडली आहे! ती म्हणाली, "चिडू दे की आता नीट."

२७ मे

अमरसिंह वर आला. दारातच उभा. आधी आत येऊन क्रिकेटच्या गप्पा मारायचा. भिंतीकडं बघितलं, नजर फिरवली.

"पुढच्या महिन्यापासनं भाडं पाचशेनं वाढवून द्या, न्हायतर दुसरीकडं बघा."

"तीन महिनेही झाले नाहीत!"

"पावणं, आईची इच्छा हाय. मला मधी घिऊ नका."

डोकं फुटायची वेळ आली आहे. बाळासो म्हणतो भत्ता नाही, हा म्हणतो पाचशे वाढवा. पावती मागितली ही माझी चूक? कष्टाचे पैसे मोजून द्यायचे आणि कागद मागितला तर गुन्हेगार? श्रुती कबनूरला परत जायचं नाव काढू देत नाही. म्हणाली, "मी नोकरी सोडणार नाही. काय करायचं ते इथंच राहून करू." इथंच म्हणजे कुठं, ते सांगत नाही.

९ जून

झोपायची वेळ केव्हाच टळून गेली आहे. पण आज लिहिणारच.

गल्लीत कुणीतरी कुणाची तरी तक्रार केली म्हणून घरफाळ्याचा तोच माणूस फेरतपासणीला आला. गल्ली दारात जमली. मी नुकताच बसमधून उतरून आलो होतो. त्यानं वही उघडली आणि शालूबाईंना विचारलं, "हे तुमचे भाचे अजून आहेत वाटतं? चार दिवसांसाठी आले होते ना?"

मी पुढं झालो. मी 'आत्ती' म्हणायला तोंड उघडलं होतं. पावती, भत्ता, पाचशे, सगळं विसरून मी तिची बाजू घ्यायला निघालो होतो! त्याच्या आधी ती किंचाळली.

"कोन भाचा? ह्यो आमचा पावना न्हवं! भाडेकरू हाय, भाडेकरू!"

अमरसिंह धावत आला. "आई, गप की!"

"न्हाय गप बसनार! खोडा ते आदी लिवल्यालं!"

तो घरफाळ्याचा माणूस चक्रावला. आपणहून भाडेकरू कबूल करणारी मालकीण त्यानं आयुष्यात बघितली नसावी. तो समजावून सांगू लागला, "मावशी, नीट विचार करा. भाडेकरूची नोंद झाली तर घरफाळा वाढणार, मागची आकारणीही बसणार, दंडही लागेल."

"लागू दे. दंड भरीन, पाटल्या मोडीन. पर त्याला माझ्या भावाचा ल्योक म्हनून कागदावर ठिवू नका. कागुद ऱ्हातोय मागं. माझ्या नातवंडांच्या लग्नात कुनी काडला तर?"

कुणी हसलं नाही. कुणाला कोडं पडलं असंही दिसलं नाही. सगळ्या गल्लीला माहीत होतं. टायरवाल्यालासुद्धा. मलाच तेवढं माहीत नव्हतं. अचानक बादली आठवली, कप आठवला, न दिलेली पत्रिका आठवली, आणि चहा संपल्यावर उगवलेला तो मेव्हणाही आठवला.

जी बाई चार पैशांसाठी परक्या माणसाला भाचा करते, ती भाचा नको म्हणून पाटल्या मोडायला निघते! माझ्या बापानं तिच्या भावाला अक्षर शिकवलं, ते चालतं. त्या अक्षरात माझं नाव तिच्या नावाखाली आलेलं चालत नाही. अशी चीड आली की वाटलं तिथंच तिच्या तोंडावर ओरडावं, मलाही नको तुझं नातं, मी कधी मागितलं होतं?

त्या माणसानं मला विचारलं, नाव, केव्हापासून राहता, भाडं किती. मी सगळं सांगितलं. सही केली. त्यानं तपासणीच्या कागदाची एक प्रत मला दिली.

श्रुती वर वाट बघत होती. तिला म्हणालो, "तुला कळलं होतं?"

"तुम्हाला कळायची वाट बघत होते," ती म्हणाली. मग मी तिच्यावरही ओरडलो. ती उलट ओरडली. खूप दिवसांनी आम्ही मोकळेपणानं भांडलो.

१४ जून

बाळासोनं तो कागद उलटसुलट करून बघितला. "ह्याच्यावर तर सगळंच हाय की. नाव, पत्ता, भाडं. भत्ता पास. ह्यो महिना धकवून नेतो, पुढं दर महिन्याला पावती आना." मग खालच्या आवाजात म्हणाला, "आनि एक ध्यानात ठेवा. ही नोंद झाली, आता उठ म्हनलं की उठायचं न्हाय. पावण्याला हाकलता येतंय. भाडेकरूला रीतसर नोटीस द्यावी लागती, कोर्टात जावं लागतंय."

आणि संध्याकाळी अमरसिंह आलाच. सोबत दोन मित्र, उगीच उभे.

"पावणं, रविवारपर्यंत खोल्या रिकाम्या करा."

मी दारातून हललो नाही. म्हटलं, "पावणा असतो तर आत्ता पिशवी घेऊन निघालो असतो. तुमच्या आईनं भर गल्लीत सांगितलंय मी कोण आहे ते. मी भाडेकरू आहे. भाडेकरूला लेखी नोटीस द्या. तिच्यावर नाव पूर्ण घाला, प्रसेनजीत गणपती माने, आणि जागा का रिकामी पाहिजे ते कारणही घाला. खरं कारण घाला. मग बघू."

तो कारणाशी अडकला. मित्रांनी एकमेकांकडं बघितलं. मागून श्रुती युनिफॉर्ममध्ये बाहेर आली आणि म्हणाली, "मला ड्यूटीला उशीर होतोय, जिना मोकळा करा." तिघं बाजूला झाले.

वाढीव पाचशेचं मग कुणी नाव काढलं नाही. तेही लेखी मागेन, हे त्यांना कळलं असावं.

१ जुलै

भाडं द्यायला खाली गेलो. शालूबाई कट्ट्याच्या पलीकडं उभी होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ठिवा कट्ट्यावर."

मे महिन्यापर्यंत हीच बाई माझ्या हातातून नोटा घेऊन बोटाला थुंकी लावून मोजायची. माझं डोकं सणकलं. म्हटलं, "कट्टा पावती लिहून देणार असेल तर कट्ट्यावर ठेवतो. तुम्ही लिहिणार असाल तर हातात घ्या."

ती तशीच उभी. मीही तसाच उभा, हात पुढं करून. समोरची बाई धुणं वाळत घालायचं सोडून बघत राहिली. मला लाज वाटली नाही. हात दुखायला लागला तरी मागं घेतला नाही. ठरवलं होतं, कंपनीची बस चुकली तरी चालेल.

शेवटी घेतल्या. माझ्या हातातून, तिच्या हातात. मोजल्या. आत जाऊन पावतीपुस्तक आणलं, नवंकोरं, अमरसिंहनं आणलेलं असणार. वाकड्या अक्षरात नाव लिहिलं, पुढं 'भाडेकरू' लिहिलं, सही केली आणि फाडून दिली. ती पावती मी तिच्यासमोर उभा राहून पूर्ण वाचली. जिच्यासाठी इतके महिने भांडलो ती हीच.

घडी करून खिशात घातली आणि वळलो. वळता वळता सवयीनं तोंडातून गेलं, "येतो, आत्ती."

"ये रं," ती म्हणाली. तीही सवयीनंच.

दुसऱ्याच क्षणी तिनं आत जाऊन कडी घातली, खाडकन. मी बसला पळालो. दिवसभर स्टोअरमध्ये माल मोजताना आकडे चुकत होते. श्रुतीला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, म्हणून इथं लिहितो. मला त्या बाईचा राग आहे आणि तो जाणार नाही. पण तिनं 'ये रं' म्हटलं तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं, त्याचा राग त्याहून जास्त आहे.